ठेच्याचा बोल्ट
तव्यावर मिरची-लसणाचा ठसका उठला, की मला नगरजवळचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं. आमचे हे तेव्हा गँगमन, रुळांच्या देखभालीवर. मी नवी नवरी. रुळाकडेला पडलेला जाडजूड बोल्ट मी उचलून आणला आणि त्यानं ठेचा रगडला. जेवताना यांची नजर त्यावर गेली. “अगं, ही रेल्वेची चोरी हाय! नोकरी जाईल, वर जेल व्हईल!” अर्ध्या भाकरीवरून उठून, बोल्ट न धुताच हे त्यांच्या रेल्वेतल्या साहेबांकडे धावले. साहेबांनी तो नाकाशी नेला. “लसणाचा वास कसा?” यांनी घाबरत खरं सांगितलं. “पडलेला असला तरी माल रेल्वेचाच. पुन्हा असं झालं, तर केस करीन,” साहेब गरजले. दुसऱ्या दिवशी त्यांचा शिपाई दगडी बत्ता घेऊन दारात उभा. सोबत एक रिकामा डबा. मी तो ठेच्यानं भरून दिला. आता आम्ही पारनेरला असतो, साहेबही कधीच रिटायर झाले. बत्ता तोच आहे, आणि साहेबांचा डबा अजून येतो, रिकामाच.