सगुणाबाईंचे शनिवार

सगुणाबाई शिरसाट नगरच्या मिशन शाळेत तीस वर्षं मराठी आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवून निवृत्त झाल्या आणि एकोणीसशे एक्कावन्न साली ठाण्याला लेकीकडे राहायला आल्या. यजमान आधीच देवाघरी गेले होते. जावई सहदेव कापडगिरणीत कारकून, बिऱ्हाड चेंदणीत दोन खोल्यांचं. लेक कलावती आईला कामाला हात लावू देत नसे आणि बाईंना रिकामं बसवत नसे. मग त्यांनी ठाण्याच्या चर्चमधल्या मंडळीला सुधारायचं मनावर घेतलं.

पाळकसाहेब उपदेशात ‘मी गेलेलो’ म्हणाले, की उपासना संपल्यावर बाई त्यांना दारातच गाठत आणि ‘गेलो होतो’ असं हवं म्हणून सांगत. गाताना कुणाचा सूर जरा उतरला, तर पुढच्या बाकावरून यांची मान वळे. लोक मान देत, पण त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राही.

मुलांना बायबल शिकवायचं संडे स्कूल आता आपल्याकडे येणार, हे बाईंनी धरूनच चाललं होतं. ते दिलं शीलाला, जेमतेम बावीस वर्षांच्या मुलीला. त्या रविवारी बाई जेवल्या नाहीत. एवढं शिकवलं त्याचा तुला काहीच उपयोग नाही का, असं त्यांनी प्रार्थनेत देवाला सरळ विचारलं. विचारण्याची तऱ्हा थोडी वर्गातलीच होती.

दोन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. वेड्यांच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, दर शनिवारी बायबलातलं शुभवर्तमान वाचायला कुणीतरी हवं आहे, म्हणाले. मंडळीत जरा शांतता नांदावी, हाही त्यात हेतू असावा. बाईंनी मात्र ते बोलावणं फार गंभीरपणे घेतलं. वहीभर टिपणं काढली, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसल्या आणि वॉर्डाच्या मधोमध खुर्ची मांडून बसल्या.

कुणी ऐकेना. एक बाई भिंतीशी बोलत राहिली, एक आपलंच गाणं म्हणत बसली, दोघी झोपी गेल्या. बाईंनी खुर्चीच्या हातावर टकटक करून पाहिलं, तशी भिंतीशी बोलणारी भिंतीवर टकटक करू लागली. दुसरा शनिवारही तसाच गेला.

तिसऱ्या शनिवारी वाचता वाचता त्यांचा चष्मा घसरून खाली पडला. चष्म्याविना बाईंना समोरचं माणूसही धड दिसत नसे. त्या खुर्ची सोडून फरशीवर बसल्या आणि हाताने चाचपू लागल्या. कोपऱ्यात खडवलीची बायजा बसलेली होती. दोन वर्षांत तिने कुणाशी शब्द काढला नव्हता. नखं कापायला कुणी जवळ आलं, की हात पाठीमागे लपवून ती भिंतीला चिकटे. तिच्यावर जबरदस्ती करायची नाही, असं वॉर्ड सांभाळणाऱ्या गंगुबाईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ती बायजा सरकत सरकत पुढे आली. चष्मा उचलून तिने पदराने पुसला आणि बाईंच्या नाकावर, थोडा तिरपाच, चढवला. त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आपले दोन्ही हात त्यांच्या मांडीवर ठेवले.

“बाय, माजी नखा काप,” ती म्हणाली.

गंगुबाई दारातच थबकल्या. बाईंच्या मनात आधी आलं, की मी इथे वाचायला आले आहे. आणि पाठोपाठ त्यांचे कान तापले. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो अध्याय त्यांनी तीस वर्षं शिकवला होता. त्यावर पाच गुणांचा प्रश्न काढला होता, मुलांच्या उत्तरांवर लाल रेघा ओढल्या होत्या. स्वतः कुणाचा पाय कधी हातात घेतला नव्हता.

गंगुबाईंनी कात्री आणून दिली. बाईंनी पहिलं नख भीत भीत, अगदी कडेने कापलं. बायजाच त्यांना “हलू, हलू” म्हणून धीर देत होती. दहा बोटं झाली, तेव्हा तिने पाय पुढे केले. ते झाले, तर भिंतीशी बोलणारी येऊन बसली. त्या दिवशी सात जणींची नखं झाली आणि वही खुर्चीवरच राहिली. तलावपाळीवरून परतताना बाईंना एकदम हसू आलं, ते आवरेचना. घरी येऊन त्या पोटभर जेवल्या आणि लेकीला म्हणाल्या, “कला, मला काम मिळालं गं.”

पुढे दर शनिवारी त्या खोबरेल आणि फणी घेऊन जाऊ लागल्या. उवा काढायच्या, वेण्या घालायच्या, पाय चोळून द्यायचे. हात चालू असताना कुणी विचारलं, तर येशूची एखादी गोष्ट सांगायच्या, नाहीतर त्यांचीच गाणी ऐकायच्या. मंडळीत त्यांनी मनात राग धरल्याबद्दल शीलाची माफी मागितली आणि काही काम असेल तर दे म्हणाल्या. शीलाने घाबरत घाबरत अगदी चिमुरड्यांचा वर्ग दिला. तिथे शिकवणं थोडं आणि नाकं पुसणं जास्त. बाई खूश होत्या.

पंचावन्न साली सहदेवची सोलापूरला बदली झाली. कलावतीने आईची ट्रंकही भरली होती. बाईंनी ती उघडून लुगडी पुन्हा फळीवर मांडली आणि त्या ठाण्यातच राहिल्या. शेजारची खोली एव्हाना गंगुबाईंनी घेतली होती, त्यामुळे सोबतही होती.

पुढच्या वर्षी बायजा बरी झाली. तिचा भाऊ भिवा तिला घरी घेऊन गेला. भाताची झोडणी उरकल्यावर त्याचा निरोप आला, की बाईंनी यायचंच. बाई खडवलीला गेल्या. अंगणात पिवळ्याधमक भाताची रास होती आणि बायजा चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाईंनीही एक थापायला घेतली. ती तव्यावर जायच्या आधीच तीन तुकडे झाली. शेजारपाजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने हसल्या बाई. बायजाने त्यांच्या हातांवर आपले हात ठेवून दुसरी भाकरी थापून घेतली.

जेवायला बसल्यावर भिवा म्हणाला, “बाय, तुमच्या देवाचं नाव घ्या, मंग जेवू.”

बाईंनी डोळे मिटले. मोठी प्रार्थना त्यांना येत होती, पण त्या दिवशी दोनच वाक्यं सुचली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर बायजाने त्यांच्या पानात माशाचा सर्वांत मोठा तुकडा वाढलेला होता.