नको सांगणारे वायरमनकाका

धंद्याला वायरमनकाकांइतका निरुपयोगी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पंखा आवाज करतो म्हणून बोलवावं, तर शिडीवर चढून दोन थेंब तेल घालत, खाली उतरत आणि म्हणत, "नवा घ्यायची गरज नाय. हा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल." विजेच्या सामानाचा दुकानदार त्यांना बघितलं की तोंड फिरवायचा.

आडनाव परब, गाव कणकवलीकडचं, राहणं विक्रोळीच्या चाळीत. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वायरमनचं लायसन काढलं आणि पुढची हयात आमच्या मुलुंडपासून चेंबूरपर्यंत लोकांच्या घरांत शिडीवर काढली. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी शिडी बंद केली, तेव्हा ते पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. शिडीवर न चढणाऱ्या वायरमनला कोण बोलावणार, असं त्यांनी मला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, विचारलं.

उत्तर त्यांच्या लेकीने, स्वातीने शोधलं. तिने त्यांना घाटकोपरच्या एका सोलर कंपनीत विक्रीच्या नोकरीला लावलं. हा माणूस अर्ध्या उपनगराच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलेला आहे, एवढा कंपनीचा हिशेब साधा होता. त्यांना टाय मिळाला. तो घालून ते आमच्या गेटवर आले, तर रोज सलाम करणाऱ्या वॉचमनने त्यांना वहीत नाव लिहायला लावलं.

पहिलं गिऱ्हाईक आम्हीच. सोबत मॅनेजर होते. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले, गच्चीवर पॅनेल बसवली की लिफ्टचं आणि पंपाचं बिल कसं उतरेल ते सांगितलं. सभासद जवळजवळ तयार झाले होते. मॅनेजर म्हणाले, परबसाहेबांनी दोन शब्द बोलावेत.

काका तेवढ्या वेळात कठड्याला धरून गच्चीवर जाऊन आले होते. शेजारच्या प्लॉटवर टॉवरचा पाया खोदणं चालू होतं. तो दक्षिणेला, म्हणजे टॉवर उभा राहिला की गच्ची अर्धा दिवस सावलीत जाणार, हे त्यांनी शांतपणे समजावलं आणि म्हणाले, "सावलीवर वीज बनत नाय. तुम्ही घेऊ नका."

मॅनेजर खुर्चीतून उठले ते थेट लिफ्टकडे गेले.

नोकरी गेली असंच आम्ही धरलं. पण सोलर विकायला आलेल्या माणसाने 'घेऊ नका' सांगितलं, ही बातमी समोरच्या सोसायटीत गेली. त्यांनी मुद्दाम काकांनाच बोलावलं. त्यांची गच्ची मोकळी होती. काका 'घ्या' म्हणाले, आणि त्यांनी दुसरं कोटेशनसुद्धा मागवलं नाही. पुढे मुलुंडमधून, भांडुपमधून, चेंबूरमधून बोलावणी येत गेली. वर्षभरात नको म्हणणारे काका विक्रीत कंपनीत पहिले आले.

मग कंपनीने त्यांचा अभ्यास केला. नव्या विक्रेत्यांचे वर्ग सुरू केले आणि काकांनाही शिकवायला बोलावलं. धडा एकच: आधी 'घेऊ नका' म्हणायचं, विश्वास बसला की विकायचं. काकांनी दोन दिवस ते वर्ग बघितले आणि राजीनामा टाइप करून घ्यायला माझ्याकडे आले. बसून करायचं काम आहे, स्वातीला काय वाटेल, असं मी पुष्कळ समजावलं.

"गच्ची न बघता नको कसं म्हणायचं?" ते म्हणाले. "नको म्हणायला पण बघावं लागतं ना."

स्वाती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. एवढ्या खटपटीने मिळवून दिलेलं काम त्यांनी एका वाक्यावरून सोडलं, हे तिला अजून पटलेलं नाही. काका गावी गेले ते तिथेच राहिले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. गावी राहून त्यांची मालवणी पुन्हा दाट झाली होती. घराच्या छपरावर सोलर बसवलं म्हणाले. एक विक्रेता आला होता. त्याला त्यांनी फणसाच्या सावलीपासून पावसाळी ढगांपर्यंत सगळं विचारलं, तेव्हा त्याने बॅग बंद केली आणि म्हणाला, काका, मग घेऊ नका.

"माका माणूस बरो दिसलो," काका म्हणाले. "लगेच घेतलंय."

घाटकोपरच्या त्या कंपनीची माणसं आता कोकणातही फिरतात, हे मला ठाऊक होतं. तो विक्रेता कुठल्या कंपनीचा, हे मी विचारलं नाही.