एका हाताने निवडलेलं मशीन

आमच्या ताईला यंत्रातलं काही कळत नाही, असं मी बरीच वर्षं मानत आलो. टेबलफॅन अडला की ती आधी त्याला एक चापट मारते आणि मग मला हाक मारते. त्यामुळे फांद्यांचा चुरा करणारा चिपर घ्यायचं ठरलं, तेव्हा तो निवडण्याचा मान माझाच, हे मी गृहीत धरलं होतं. आठवडाभर मी फोनवर चिपरचेच व्हिडिओ बघत होतो. जेवतानासुद्धा.

धंदा आमचा झाडं छाटायचा, आणि माणसं तीन. ताई गिऱ्हाइकांशी बोलते, कुठली फांदी काढायची ते ठरवते आणि काम चालू असताना खाली दोर धरून उभी राहते. तिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, वीस वर्षं झाडावर. मी आधी नुसत्या फांद्या ओढायचो, अलीकडे चढायलाही लागलोय. बरा चढतो. भावोजींसारखा नाही, हे मला कुणी सांगायला नको.

दोन महिन्यांपूर्वी भावोजींचा उजवा खांदा कामातून गेला. हात खांद्याच्या वर उचलला जाणार नाही, झाडावर चढणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. खाली तरी काम काय? फांद्या डोक्याएवढ्या उंच उचलायच्या आणि टेम्पोत रचायच्या. तेही खांद्याचंच. भावोजी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. समोरच्या रस्त्यावरच्या झाडाकडे बघत राहायचे. काही विचारलं तर ‘हो’ नाहीतर ‘नाही’, तिसरा शब्द नाही. मला त्यांची भीती वाटायला लागली होती, कारण इतका गप्प माणूस आमच्या घरात यापूर्वी कुणी पाहिलेला नव्हता.

चिपरचा विषय काढला ताईनेच. “यांना त्या मशीनपाशी उभं राहून काम करता आलं तर घेऊ,” ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. “नाहीतर मला तो फुकटसुद्धा नको.”

मी मान डोलावली आणि मोठ्या मशीनचाच विचार करत राहिलो.

विक्रेत्याच्या आवारात तीन मशीनं एका रांगेत उभी होती. धाकटं, मधलं आणि थोरलं. थोरलं बघून माझे डोळे दिपले. ट्रॅक्टरसारखं धूड, मांडीएवढं लाकूड गिळणारं. विक्रेत्याने त्यात सरळसोट वाळका वासा घातला. दोन सेकंदांत वासा गायब.

“बघितलंत?” तो मला म्हणाला. ताईकडे त्याने बघितलंही नव्हतं.

“बघितलं,” ताई म्हणाली. “पण असं सरळ झाड आम्हाला अजून भेटलेलं नाही. आमचा माल घालून बघू.”

आमचा माल म्हणजे टेम्पोभर फांद्या. आदल्या दिवशी भावोजींनी डाव्या हाताने त्यांची तयारी करून ठेवली होती. ताडपत्री काढली आणि विक्रेत्याला हसू आलं. सगळ्या फांद्या हातभर लांबीच्या, एकसारख्या कापलेल्या; सुतळीने गठ्ठे तेवढे मी बांधले होते. वीस वर्षं टेम्पोत जागा पुरावी म्हणून आम्ही अशाच कापत आलो. दुसरी रीत असू शकते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“अहो, चिपरला लांब फांदी द्यायची,” विक्रेता म्हणाला. “बुंध्याकडून तोंडात टेकवली की मशीन स्वतः ओढून घेतं, माणूस लांब राहतो. हे तुकडे घालायचे म्हणजे हात पार तोंडाजवळ न्यावा लागणार.”

भावोजींचा चेहरा उतरला. “एवढं साधंही जमत नाही आता मला,” ते म्हणाले आणि टेम्पोकडे वळले. आता हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार आणि या वेळी उठणार नाहीत, असं मला स्पष्ट दिसलं.

ताईने गळ्यातली ओढणी काढली. एक टोक दातात धरून स्वतःच्या उजव्या मनगटाला बांधलं, दुसरं कमरेभोवती घेतलं आणि गाठ मारली. उजवा हात अंगाशी जखडून गेला.

“हेच तुकडे घालायचे,” ती विक्रेत्याला म्हणाली. “वीस वर्षांची सवय चार दिवसांत जाणार नाही. चूक आमच्याकडून होणारच आहे. ती झाली तर कुठलं मशीन सांभाळून घेतं, तेवढं मला बघायचंय. आधी तिन्ही बंद करा.”

असली परीक्षा माझ्या एकाही व्हिडिओत नव्हती.

धाकट्याचं तोंड वर होतं. फांदी छातीपर्यंत उचलून वरून सोडायची. ताईने डाव्या हाताने एकदा उचलली, दुसऱ्यांदा उचलली, तिसऱ्यांदा तिचा तोल गेला. “हे नको.”

मग माझं लाडकं थोरलं. त्याच्या तोंडापुढचा, फांदी टेकवायचा पत्रा आखूड होता. ताईने त्यावर डावा हात लांब केला, तर तिची बोटं थेट फांदी आत ओढणाऱ्या दातेरी रोलरला लागली. मशीन बंद होतं, तरी मी ओरडलो. ती शांतपणे हात काढून घेत म्हणाली, “हे तुला आवडलं होतं ना?”

मी थोरल्याकडे पाठ फिरवली.

मधलं दिसायला अगदीच साधं. रंगही उडालेला. पण त्याचा पत्रा गुडघ्याच्या थोडा वर आणि चांगला लांब. ताईने खांद्यापर्यंत हात घातला, रोलर पुढेच राहिला. तोंडाभोवती लाल दांडा होता. त्याला नुसतं अंग लागलं तरी रोलर थांबतात, असं विक्रेता म्हणाला. ताईचा त्याच्या सांगण्यावर विश्वास नव्हता. तिने मशीन चालू करायला लावलं, एका लांब काठीने तुकडे आत ढकलले आणि मधेच कमरेने दांड्याला धक्का दिला. रोलर जागच्या जागी थांबले. कमरेने, गुडघ्याने, कोपराने असं तिने बारा वेळा केलं. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. विक्रेता आता फक्त तिच्याशीच बोलत होता.

“पण सगळ्यात लांब हात माझा नाही,” ताई म्हणाली. तिने मशीन पुन्हा बंद करायला लावलं आणि भावोजींकडे बघितलं. “अहो, जरा इकडे या.”

भावोजी आले. डावा हात त्यांनी पत्र्यावर पूर्ण लांब केला. रोलरला चार बोटं कमी पडली. ते तसेच वाकून त्या चार बोटांच्या जागेकडे बघत राहिले. मग सरळ झाले आणि ताईच्या कमरेची गाठ सोडायला लागले. डाव्या हाताने सुटेना, तेव्हा उजव्या हाताचीही मदत घेतली. खांद्याखालचं काम तो हात करतो, हे त्या क्षणी बहुतेक त्यांच्याही लक्षात आलं असावं.

आम्ही आत ऑफिसात गेलो. विक्रेत्याने फॉर्म पुढे ओढला. “चालवणार कोण? ज्याला शिकवायचं, त्याचं नाव इथे येईल.”

मी तोंड उघडणार, एवढ्यात टेबलाखाली ताईची टाच माझ्या पायावर जोरात पडली. ती स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. मला वाटतं, सगळ्या दिवसात तिला सगळ्यात जड गेलं असेल ते हे गप्प बसणं.

“मी,” भावोजी म्हणाले. मग फॉर्म स्वतःकडे ओढत म्हणाले, “पण मला पहिल्यापासून सगळं दाखवा. पाती कधी बदलायची, ओली फांदी अडकली तर काय करायचं, सगळं. आणि लांब फांद्या कशा द्यायच्या, तेही.”

ते दोघं बाहेर गेले आणि तासभर आले नाहीत. खिडकीतून भावोजींचा आवाज येत होता. एकामागून एक प्रश्न, मधेच वादही. मी ताईला शोधायला गेलो, तर ती टेम्पोच्या मागे उभी राहून रडत होती. मोकळेपणाने, नाक ओढत.

“आता काय झालं?” मी चिडून विचारलं.

“ऐक ना,” ती म्हणाली. “हे त्याच्याशी भांडतायत.”