कमी पिणारं जनरेटर

"कुणाचा मिक्सर हाय गं त्यो? बंद कर! माझ्या माणसाचा श्वास वाटून चटणी करून राहिलीस का?"

गल्लीच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली उभ्या राहून हमीदा आपा ओरडत होत्या. शेजारी साखळीनं झाडाला बांधलेलं त्यांचं जनरेटर, प्रवासाच्या पेटीएवढं, धापा टाकत होतं. त्याच्या कपाळावरचा लाल दिवा पेटला होता, म्हणजे झेपेना इतकं ओझं अंगावर पडलं होतं. आपांचा हा आवाज अर्धापूरपर्यंत जातो आणि तिथली केळी झाडावरच पिकतात, असं मी पाहुण्यांना सांगतो. थोडं इकडेतिकडे धरा. मिक्सर मात्र त्या क्षणी बंद झाला. लाल दिवा विझला. आपा ओढणीनं मान पुसत दगडावर बसल्या आणि एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "थकले गुरुजी. लाईटबी थकत न्हाई जायला आणि मीबी सुटत न्हाई वरडायला."

नांदेडच्या आमच्या गल्लीत आपा माझ्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. त्यांचे नवरे रशीदभाई. उभी हयात जिनिंगमध्ये काढली आणि तिथून निवृत्त होताना काय आणलं, तर छातीभर कापूस. माझं म्हणणं असं, की त्यांनी खोकलं तर एक उशी भरेल. ते स्वतः हसायचे यावर, आणि हसले की मग बराच वेळ खोकायचे. शेवटच्या तीन-चार वर्षांत ते खाटेवरच होते. उशाला भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. मशीन विजेवर, आणि वीज उन्हाळ्यात माहेरवाशिणीसारखी, आली की लगेच निघायची घाई. इन्व्हर्टर होता, तो तासाभरात शेपूट घालायचा. कोपऱ्यात एक सिलिंडर होता, पण तो अगदी गळ्याशी आलं की उघडायचा. तेव्हा आपांनी ठरवलं, जनरेटर घ्यायचं. आणि घ्यायचं तर कमी पिणारं, कारण दिवसभर पाजायचंय.

आता जनरेटर घेणं म्हणजे काय, माणूस दुकानात जातो, डब्यावरचं वाचतो, घेऊन येतो. आपांचं तसं नव्हतं. त्यांच्या दोन उन्हाळ्यांच्या चौकशीनंतर नांदेडातले दुकानदार आपा रस्ता ओलांडताना दिसल्या की दुकानात गिऱ्हाईक ठेवून जेवायला निघून जात. एकानं धीर करून मोठं धूड दाखवलं. म्हणाला, "आपा, हे घ्या. अख्खं घर चालेल, एसीसकट."

"एसी कुठं हाय माझ्याकडं? मोठा बैल नुसता उभा राहिला तरीबी कडबा खातोच की रे."

"पेट्रोल कमी खातं हो. हे बघा, डब्यावर लिहिलंय."

"सोयरीक जमवताना पोरीची आईबी म्हणते, आमची पोरगी लई कमी जेवते. खाताना बघावं."

हे त्यांचं ब्रीदच होतं. खाताना बघावं. सून, बकरी, भाडेकरू, पुढारी, सगळ्यांना हीच परीक्षा. दुकानदार जनरेटर सुरू करून दाखवायचा, ते छान गुरगुरायचं, आणि आपा मान हलवायच्या. "रिकाम्या गाडीला जुंपलेल्या बैलाची चाल काय बघू मी?"

शेवटी लातूरला एक दुकान आहे, तिथं हरतऱ्हेची जनरेटरं आहेत, असं कळलं. माझ्या बायकोला रशीदभाईंच्या उशाशी बसवून आपांनी मला हाताला धरून एसटीत घातलं. मांडीवर एक लाकडी फळी. फळीवर जुने, पिवळे, शंभर वॅटचे चार बल्ब ठोकलेले, कोंबड्यांची पिल्लं वाढवणाऱ्या भाच्याकडून आणलेले. मशीन दुरुस्त करणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, हे चार बल्ब जेवढी वीज ओढतात साधारण तेवढीच तुमचं मशीन ओढतं. कंडक्टर आला. फळीकडे बघून म्हणाला, "मावशी, हे काय?"

"भूक हाय," आपा म्हणाल्या. "तिचंबी तिकीट फाडतो का?"

एसटी इतकी हिसके देत होती, की लातूर येईपर्यंत माझे दात मागच्या सीटवरच्या माणसानं वेचून दिले. बल्ब एकही फुटला नाही. आपा रस्ताभर त्यांना ओढणीत घेऊन बसल्या होत्या, आणि डोळे मिटून होत्या. झोपल्या असं वाटलं, तर मधेच म्हणाल्या, "गुरुजी, फोन लावा घरी. लाईट हाय का विचारा." लाईट होती. पुन्हा डोळे मिटले. पुढच्या थांब्यावर पुन्हा फोन.

लातूरचा दुकानदार भला माणूस. त्यानं तीन जनरेटरं फुटपाथवर मांडली. आपांनी प्रत्येकात पाण्याच्या बाटलीनं मोजून सारखंच पेट्रोल घालायला लावलं, फळी जोडली आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. पेट्रोल संपेपर्यंत उठणार नाही म्हणाल्या.

"आपा, असं कुणी बघतं का?"

"बकरा घेताना दात बघतेच ना मी? याला दात न्हाईत, म्हणून चारा घालून बघून राहिले."

त्यातल्या मोठ्या जनरेटरनं ते पेट्रोल घटाघट पिऊन टाकलं आणि आचका दिला. मधलं जरा टिकलं. दुकानदारानं चहा मागवला, मग पुन्हा चहा मागवला, मग स्वतःच्या डोक्याला लावायला बाम मागवला. बघ्यांची इतकी गर्दी जमली, की एक जण शेंगदाणे विकायला आला. तो त्या कमाईवर पुढं लग्न करून मोकळा झाला असेल. तिसरं, सगळ्यात छोटं, संपता संपेना. आपांनी उठून चारातले दोन बल्ब काढले. त्याबरोबर त्या यंत्रानं आपोआप आवाज उतरवला, हळू फिरायला लागलं. आपांच्या तोंडावर मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसू दिसलं.

"हे समजूतदार हाय. काम कमी, तर घास कमी. हेच द्या."

दुकानदारानं ते बांधून दिलं आणि आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

इतक्या तपासणीतून आलेल्या यंत्राचं पुढं काय झालं ऐका. त्याचा धूर रशीदभाईंच्या छातीत जायला नको, म्हणून ते घरात, ओट्यावर, खिडकीखाली कुठंच ठेवता येईना. आपांनी ते लांब, गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली नेऊन बांधलं आणि तिथून घरापर्यंत वायर ओढली. म्हणजे आपल्या घराची दुभती म्हैस गावच्या पाराला बांधली. पहिल्या दिवशी समोरच्या शिंद्यांची सून आली. "आपा, नुसता मोबाईल लावू का?" दुसऱ्या दिवशी तिच्या सासूचा पंखा आला. पंधरवड्यात त्या झाडाला इतक्या वायरी लोंबायला लागल्या, की एक सुगरण पक्षी घरटं तयार आहे म्हणून राहायला आला. शपथ घेत नाही, पण आला.

आपा रोज ओरडायच्या. "बल्ब लावा, मोबाईल लावा! फ्रीज लावला तर त्या फ्रीजमध्येच बसवीन!" पण उपसून कुणाची वायर फेकली, असं कधी झालं नाही.

एका दुपारी कुणीतरी पाण्याची मोटर लावली. लाल दिवा लागायलाही वेळ मिळाला नाही; जनरेटर झटक्यात वीज तोडून मोकळं झालं. इन्व्हर्टर कधीच उतरला होता; घरात मशीन बंद पडलं. आपांची किंकाळी ऐकून मी भिंतीवरून उडी टाकली, आणि माझी उडी म्हणजे एरवी मांजरंसुद्धा बघायला थांबतात. रशीदभाईंचे ओठ जांभळे झाले होते. आपांना सिलिंडरची चावी बसवता येईना. दोघांनी मिळून ती फिरवली. नळीतून हवा आली, ओठ हळूहळू उजळले. तेव्हा आपा उठल्या, कोपऱ्यातली कात्री घेतली आणि दाराकडे निघाल्या.

रशीदभाईंनी हात वर केला. बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

"नक्को गे. जलने दे उनके बल्बां. उनों अंधारे में बैठे तो मेरेकू ऐसा लगता, मैं गया करके."

आपा उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग कात्री जागेवर ठेवली, लिंबाखाली गेल्या, मोटरची तेवढी वायर काढून गुंडाळली आणि ज्याची होती त्याच्या दारात नेऊन ठेवली. आपा न ओरडता चालून गेल्या, याचीच गल्लीला इतकी दहशत बसली, की त्या दिवसापासून पाणी लोकांनी बादलीनं चढवलं. आपा मात्र लाईट गेली की मशीनपेक्षा जनरेटरपाशीच बसायला लागल्या. राखण करत. ते कमी प्यावं म्हणून त्या लातूरपर्यंत गेल्या होत्या, आणि आता ते गल्लीभराला पाजून पुरं पडेना. त्यांच्या डोळ्यांखाली काळं चढलं. मी म्हटलं, "आपा, जरा आडव्या व्हा, मी बसतो इथं." म्हणाल्या, "तुमाला वरडता येत न्हाई, गुरुजी. तुमी गोष्टी सांगत बसाल आणि ते फ्रीज लावतील."

रशीदभाई गेले ते सकाळी, उजेडात. लाईट होती. व्होल्टेज तर असं भरपूर, की पंखा छतासकट उडेल. मशीन व्यवस्थित चालू होतं. आपा भाकरी थापत होत्या.

मशीन ज्याचं होतं तो घेऊन गेला. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा संध्याकाळ होती. लिंबाखाली कुणी गेलं नाही. लोकांनी आपापल्या वायरी कधीच मुकाट काढून नेल्या होत्या. गल्ली अंधारात बसून राहिली, पोरंसुद्धा हळू बोलत होती. मी आपांच्या दारात गेलो. त्या मेणबत्तीच्या उजेडात तांदूळ निवडत होत्या. ज्याची जीभ कधी घरात मावली नाही तो मी उंबऱ्यावर टेकलो. शेवटी विचारलं, "आपा, हिमायतनगरचा माझा साडू विचारत होता. जनरेटर द्यायचं का?"

आपांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

"पेट्रोल हाय त्यात अजून," म्हणाल्या. "सांगा गल्लीला, बल्ब लावा."