काचेतलं ऊन

बाल्कनीला काच मीच लावून घेतली, हे आधी सांगून टाकते. नंतर सांगायला धीर व्हायचा नाही.

बाबा जन्मभर मिठागरात राबलेले. खाडीकाठची जमीन गेली, मिठागर बुजलं, तेव्हा मी त्यांना नवीन पनवेलला माझ्याकडे आणलं. घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. जिकडे तिकडे बांधकामं, आणि त्या धुळीनं बाबांना असा खोकला लागायचा की पुढ्यातलं ताट बाजूला सारावं लागे. मग मी बाल्कनी काचेनं बंद करून घेतली. खोकला बराच कमी झाला. बाबा रोज अकराच्या सुमारास उघड्या अंगानं तिथे खुर्चीत बसायचे आणि येईल-जाईल त्याला सांगायचे, "लेकीनं लावलीय. ऊन येतं, धूल नाय येत." मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि फुशारून जायचे.

स्वाइन फ्लूचा बोभाटा झाला, त्यानंतरचा एक हिवाळा. आधी मला आणि नवऱ्याला सर्दी झाली, मग बाबांना. आमची आठवड्यात गेली, त्यांची छातीत उतरली. न्यूमोनिया. हॉस्पिटलातून घरी आले ते अर्धे होऊन.

डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांत व्हिटॅमिन डी लिहिलं. त्या दिवसांत ती तपासणी ज्याला त्याला लिहून देत. मी पनवेलच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन, त्यामुळे बाबांचं रक्त मीच काढलं. आकडा इतका खाली आला की मला हसूच फुटलं. मिठागरातल्या माणसाला ऊन कमी? नमुना पुन्हा लावला. तोच आकडा. बाबा तर चिडलेच. "मना ऊन कमी परलं? अख्खा जनम मिठागरान गेला माजा!"

हे व्हिटॅमिन असं जन्मभर साठून राहत नाही, डॉक्टर म्हणाले, आणि म्हातारी कातडी ते बनवतेही कमी. "हल्ली उन्हात बसतात का?"

"रोज दोन तास," मी ठसक्यात म्हटलं. "बाल्कनीत. धूळ नको म्हणून काच लावलीय."

काचेतून ऊब येते, डॉक्टर म्हणाले, पण व्हिटॅमिन डी बनवणारे किरण काच अडवते.

रोज रक्त तपासणाऱ्या बाईला एवढंही ठाऊक नसावं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. लॅबच्या कॉम्प्युटरवर मी वाचत सुटले. वरातीमागून घोडं. हे व्हिटॅमिन कमी असलेल्यांना सर्दी, फ्लू, छातीचे आजार जास्त होताना दिसतात, असं लिहिलेलं असे. पण कमी पडतं म्हणून आजार होतो, की आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणून कमी पडतं? औषध देऊन बघितलं तर कुठे फायदा दिसला, कुठे नाही. शेवटी ठरलेलं वाक्य, अजून संशोधन हवं. अहो, हवं ना, पण माझे बाबा आत्ता त्या खुर्चीत बसलेत, त्यांचं काय करू? काच नसती तर न्यूमोनिया टळला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "ते कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले. त्यांनी मला खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी काच सरकवली. दहा मिनिटांत बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. बंद केली, तर पुन्हा ते बिनकामाचं ऊन. तीन जिने उतरायचा दम त्यांच्यात उरला नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी काच बंदच राहिली. डॉक्टरांनी दिलेली व्हिटॅमिनची पावडर दर रविवारी दुधातून द्यायची, एवढंच माझ्या हातात होतं. बाबांना मी काचेचं काही सांगितलं नाही. पाहुण्यांपुढे ते तिचं कौतुक करायला लागले की मी चहा टाकायच्या निमित्तानं आत जायचे.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सर्दी, पुन्हा छाती. पावडर एकाही रविवारी चुकली नव्हती. हॉस्पिटलात न्यायला दोघा शेजाऱ्यांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. दारात त्यांनी हात वर करून थांबवलं. मला वाटलं, पाणी हवंय. ते बाल्कनीकडे बघत होते. सकाळी मी वेड्या आशेनं काच चार बोटं उघडी ठेवली होती.

"लाव गो ती काच," ते म्हणाले. "मी येईपरत धूल होल घरान."

मी काच लावली आणि त्यांच्यामागून जिना उतरले.

आठ दिवसांनी मी एकटीच परत आले. घरात धूळ नव्हती.