स्लॅबवरचं खाचर

नवसूभावजींना कोणी येडा म्हटलं, की माझं डोकं फिरतं. येडा माणूस बायकोचं हागणं-मुतणं वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी काढतो का रे? तुमी काढाल?

माझे मोठे दीर ते. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको गोजरबाय, माझी जाऊ. भाताच्या आवणीत, रोपं लावण्यात, तिचा हात धरणारं किन्हवलीच्या आसपास कोणी नव्हतं. मग एका सकाळी तिचं डावं अंग गेलं आणि ती खाटेला खिळली. पहिलं घरावर गवताचं छप्पर होतं, तवा बरं होतं. पण सगळ्यांनाच स्लॅब पायजे! वैशाखात तो स्लॅब असा तापायचा, की आत बसवत नसे. गोजरबायला ऊन बाधलं, शहापूरच्या दवाखान्यातून जेमतेम परत आणली. डॉक्टरने सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात जपा, पुन्हा असं झालं तर वाचायच्या नाहीत.

भावजी तवा कल्याणला मजुरीला जात. तिथे एका इमारतीच्या गच्चीवर बाग करायचं काम निघालं. इंजिनियर बाईंनी मजुरांना समजावलं, शहरं तापत चाललीत, गच्ची हिरवी असली की खालची घरं गार राहतात, पावसाचं पाणीही वर धरलं जातं. एवढंच भावजींनी डोक्यात धरलं. खाली अंथरलेलं जाड कापड, निचऱ्याचे पाइप, नारळाच्या भुशाची हलकी माती, या सगळ्याला ते हसायचे.

“ती काय माती हाय गो संजीवनी? फुंकली तर उडंल. पाणी टाकलं का खालून पळतं. आपल्या भाताच्या खाचराची माती बघ, एकदा प्यायली का सोडत नाय.”

झालं! होळीच्या आधीच खाचर खरवडून मातीच्या पाट्या स्लॅबवर चढवायला लागले. माझा नवरा म्हणाला, “दादा, वजन किती होईल?” भावजी त्याच्यावरच खेकसले, “शेतकऱ्याचा पोर ना तू? माती जड वाटते तुला?” वर त्यांनी माठ आणि मेथी पेरली.

खोटं कशाला बोलू, घर गार झालं. वैशाखात भर दुपारी गोजरबाय घोरायची! मला म्हणाली, “हा उन्हाळा मी जगले गो.” मला इतकं बरं वाटलं, की घरी येऊन रडले.

आषाढात आवण्या लागल्या. बाया गात शेतावर निघाल्या, की ही खाटेवर तोंड फिरवून घ्यायची. भावजींना ते बघवेना. त्यांनी भाजी उपटली, स्लॅबच्या कडेने चिखलाचा बांध घातला, पाणी जायचा पाइप मातीने बुजवला आणि वर चिखलणी केली. मग बायकोला पाठीवर घेऊन जिना चढले. गोजरबायने धडधाकट हाताने भाताचं रोप लावलं. हसली. म्हणाली, “मोरी नीट बुजवलीत ना? पाणी जाता कामा नये हां.”

“थेंब जायचा नाय,” भावजी म्हणाले.

श्रावणात पावसाने झोडपलं. खाचरं तुडुंब भरली, की बांध फोडून पाणी सोडावं लागतं, नायतर बांधासकट पीक वाहून जातं. गावातले सगळे पुरुष फावडी घेऊन धावले. भावजीही धावले. मी चुलीपाशी होते. भिंत हादरली, वाटलं वीज पडली. बाहेर येऊन बघते तर शेजारचा स्लॅब आत बसलेला, आणि चिखल दारातून बाहेर येतोय.

आमी बायांनी हातांनी उपसला. गोजरबाय सापडली तवा तिच्या केसांत भाताची रोपं अडकली होती. माझ्याने आजही भाताला हात लावताना ते विसरवत नाय.

तेवढ्यात बांधावरून भावजींची हाक आली, “गोजर, वाचलं गो आपलं भात!” खांद्यावर फावडं, अंगभर चिखल. जवळ आले, बघितलं. रडले नाय. माझ्याकडे वळून म्हणाले, “खालचा बांध फोडला गो. वरचा राहिला.”

आता ते आमच्याकडेच असतात. त्यांच्या घराच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. पाऊस जोरात लागला, की उठतात. आज सकाळीही उठले.

“संजीवनी, फावडं दे गो. वरचा बांध फोडून येतो. आत गोजर हाय.”

मी फावडं देते. नाय कसं म्हणू?