काळी चकती

माझी लेक मुग्धा उन्हापासून वीज करणाऱ्या सौरपेशींच्या प्रयोगशाळेत काम करते. काल तिनं सिलिकॉनच्या दोन पातळ चकत्या दाखवल्या. एक आरशासारखी लख्ख, दुसरी काळी, मळकट. सवयीनं मी काळी उचलली आणि पदरानं पुसायला लागले.

“अगं आई, थांब! ती मुद्दाम खडबडीत केलीय. लख्ख चकती बरंचसं ऊन परत फेकते. हिच्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक डोंगर आहेत. एका उतारावरून निसटलेलं ऊन दुसऱ्यावर आपटतं आणि आत शिरतं.”

जन्मभर मी भांडी घासून चकचकीत केली. चमकणारी वस्तू उजेड नाकारत असते, हे कधी मनातच आलं नव्हतं.

लख्ख चकतीत माझा चेहरा दिसला. मग काळीवर वाकले. तिनं तो ठेवून घेतला.